पहिला घास कोणी घ्यायचा

आमच्या घरात ताटाखाली पत्रक असायचं. बाबा मिठागरात काम करता करता पत्रकं काढायचे आणि वाटून उरलेले गठ्ठे माळ्यावर जायचे. जमीन खरकटी होऊ नये म्हणून आई त्यातलं एकेक काढून ताटाखाली घालायची. मी वाचायला शिकले ती अशी, आमटीचे डाग चुकवत. ‘कामगारांनो, विचार करा’ हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

एक पत्रक मात्र बाबांवरच उलटलं. जी बाई रांधते तिला सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायला लावणाऱ्यांनी समतेवर बोलू नये, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. आईने ते ताटाखाली घालता घालता वाचलं. मग ताट बाजूला ठेवून पत्रक बाबांपुढे धरलं आणि विचारलं, "हे तुमीच लिवलाय ना? मग आजपासून मी बसल्याबिगर घासाला हात लावायचा नाय."

ही मी जन्मायच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून आमच्याकडे भाकऱ्या आधी भाजून टोपलीत झाकून ठेवतात आणि शेवटचा माणूस बसेपर्यंत कोणी ताटाला शिवत नाही. मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं की सगळीकडे असंच असतं.

दादा डोलवीला कंपनीत लागला आणि त्याचं रोह्याच्या एका मुलीशी जमलं. ती नोकरीला रोज पेणला यायची. तिचे वडील कॉलेजातून निवृत्त झालेले, घर जुन्या जमीनदारांचं. मुलाखतीला कसं बसावं, टेबलावर कसं जेवावं, याची ते अजूनही मुलांसाठी शिबिरं घेतात. सगळे त्यांना सर म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. मिठागरवाल्यांच्या घरी मुलगी द्यायची की नाही यावर सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "सगळे एकदा जेवायला या. मग बोलू."

हे आमंत्रण नव्हतं, परीक्षा होती, हे आमच्या मांजरालाही कळलं असतं.

दादाने पेणच्या बाजारातून काटे-सुऱ्या आणल्या आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून सराव सुरू केला. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, कोपर अंगाला चिकटलेलं. पुढ्यात तांदळाची भाकरी आणि तळलेला बोंबील. बोंबलाने काट्याला अजिबात दाद दिली नाही.

"काय रे, भाकरीचा ऑपरेशन चाललाय?" आई म्हणाली.

"हसू नका. माझं लग्न हाय ते," दादा म्हणाला. मग त्याने अटी घातल्या. "बाबा, तिथं पत्रक नाय, भाषण नाय. आई, तू पण. आणि तू," माझ्याकडे काटा रोखून तो म्हणाला, "तू तोंड उघडायचं ते फक्त खायला."

आम्ही तिघांनीही शब्द दिला. आमच्या घरात दिलेला शब्द पाळतात. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

रोह्याचं ते टेबल देखणं होतं. सहा खुर्च्या, प्रत्येकीपुढे चटई, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी आणि चमचा, ग्लासात पंख्यासारखी घडी घातलेला नॅपकिन.

"याचा काय करायचा गो?" आईने माझ्या कानात विचारलं.

"मांडीवर घ्यायचा."

"एवढी चांगली घडी मोडायची?"

काट्याचमच्यांवर माझा राग नाही. आपल्या केळीच्या पानावर तरी काय कमी शिस्त आहे? मीठ मध्ये, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि चुकलात तर आत्या आयुष्यभर बोलणार. पण मी ते टेबल बघत होते. चमच्याची जागा ठरली होती, सुरीचं तोंड कुठल्या बाजूला हेही ठरलं होतं. रांधणारीची जागा तेवढी ठरलेली नव्हती. आम्ही चौघं, सर आणि ती मुलगी मिळून सहा खुर्च्या भरल्या. तिची आई, म्हणजे काकू, आत गॅसपाशी उभ्या.

वालाचं बिरडं आलं, तळलेली सुरमई आली, कोलंबीची खिचडी आली. काकू आतून म्हणाल्या, "तुम्ही सुरुवात करा हो, मी गरम गरम पोळ्या आणते."

"करा सुरुवात," सर म्हणाले. "पाहुण्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय यजमानाने घेऊ नये. साधा शिष्टाचार आहे."

कोणी हललं नाही. काकू बसल्या नव्हत्या, म्हणून आम्ही घास घेत नव्हतो. आम्ही घेत नव्हतो, म्हणून सरांना घेता येईना. आणि आमच्यापैकी कोणी बोलायचं नव्हतं.

सरांनी आमच्या काट्यांकडे पाहिलं आणि त्यांना समजल्यासारखं वाटलं. "हाताने जेवलात तरी चालेल हं. संकोच नको."

"नाय नाय, काटे छानच हायेत," बाबा म्हणाले आणि त्यांनी काटा उचलून प्रेमाने पुसला, परत ठेवला.

काकू पोळ्या घेऊन आल्या, भरलेली ताटं बघून कावऱ्याबावऱ्या झाल्या. "तिखट झालंय का? मीठ देऊ? सुरमई आजचीच आहे हो." त्यांनी मीठ आणलं, लिंबू आणलं, लोणचं आणलं. जे आणायला हवं होतं ते सोडून सगळं आणलं, आणि परत आत गेल्या. बिरड्यावरची वाफ गेली. सरांच्या पोटातून आवाज आला, तो आम्ही सगळ्यांनी शिष्टाचाराने ऐकला नाही.

शेवटी सर खाकरले. "काही देण्याघेण्याचं बोलायचं राहिलंय का तुमचं?"

हुंड्यावरही बाबांचं पत्रक आहे. बाबा लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं आणि दादाने टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती सरांना लागली.

एका वाक्यात मी हे सगळं मिटवू शकले असते. पण मी शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

दादाला घाम फुटला. त्याने सुरीने सुरमईचा तुकडा तोडला, अगदी व्हिडिओतल्यासारखा. काट्यावर घेतला, ओठांपर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"काकू," तो स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "तुम्ही बसल्याशिवाय आमच्यात कोणी घास घेत नाय. मला घ्यायचा होता. पण घेववत नाय."

ती मुलगी हसायला लागली. "मला वाटायचं, हा थापा मारतो."

"पण खुर्च्या सहाच आहेत," सर म्हणाले.

मुलीने गॅलरीतून प्लास्टिकची खुर्ची आणली. पाहुण्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवणं शिष्टाचारात बसेना, म्हणून सर स्वतःच तिच्यावर बसले. ती बुटकी होती. टेबल त्यांच्या छातीशी आलं. काकू सरांच्या खुर्चीत बसल्या. "इथून खिडकी दिसते होय," त्या म्हणाल्या.

आम्ही जेवायला लागलो. थोड्या वेळाने टेबलावरच्या पोळ्या संपल्या आणि सरांनी सवयीने काकूंकडे पाहिलं.

"मांडीवर नॅपकिन घेतल्यावर मधून उठू नये," काकू म्हणाल्या. "तुम्हीच शिकवता ना शिबिरात?"

सर आत गेले. बराच वेळ डब्यांचा आवाज येत राहिला. "तूप कुठे असतं गं?"

"नेहमीच्या जागी."

"नेहमीची जागा कुठे?"

काकू उठल्या नाहीत. आईकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे रोज असंच?"

"रोज. भाकरी वाईच गार मिलते," आई म्हणाली. "पन सगल्यांनाच गार मिलते."

काकूंनी एक घास खाल्ला, मग आत आवाज दिला. "अहो, माझा होकार आहे हो."

"अगं, पण जेवणानंतर बोलू असं ठरलं होतं ना आपलं?"

"तुम्ही बोला नंतर. मी जेवतेय."

सर पोळ्या घेऊन बाहेर आले. तूप सापडलं नव्हतं. ते टेबलाला वळसा घालून गेले आणि पहिली पोळी त्यांनी काकूंना वाढली. डावीकडून, शिबिरात शिकवतात तशी.