एक काहीतरी खोटं बोला

हन्नाबाई वाक्रुळकरांना आमच्या गावात सगळे सिस्टर म्हणत. कराडला परिचारिकेची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्या इथं नदीकाठाला येऊन राहिल्या. बेने इस्राएल ज्यू. पंचक्रोशीत त्यांच्या धर्माचं दुसरं घर नाही.

उन्हाळ्यात माणदेशातून ज्ञानू आणि रंगूबाई हे नवराबायको मेंढरं घेऊन आले, आणि त्याच आठवड्यात कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली. पोलिसांनी ज्ञानूला उचललं.

त्याला सोडलं त्या सकाळी रंगूबाई सिस्टरांच्या दारात आली. "आवं सिस्टर, चला की. त्यो उभाच ऱ्हाईना."

ज्ञानूच्या पायांचे दोन्ही तळवे काळेनिळे पडून टरारून सुजले होते.

"मोटर मीच चोरली म्हनून अंगठा दिला," तो म्हणाला. "न्हाईतर मेलो असतो."

सिस्टरांनी मलमपट्टी केली आणि तशाच ठाण्यावर गेल्या. शेजारी म्हणून मी सोबत होतो.

"पाय घसरून पडला तो," फौजदार म्हणाला.

"दोन्ही तळव्यांवर?"

"आजी, तुमचा काय संबंध? ना तुमच्या जातीचा, ना धर्माचा."

सिस्टरांनी टेबलावर हात आपटला. "धर्माचाच संबंध आहे! देवानं माणूस आपल्या रूपात घडवला असं आम्ही मानतो. त्याच माणसावर तुम्ही पट्टा चालवलात. आमचे पूर्वज मिसर देशात गुलाम म्हणून फटके खात विटा थापत होते, दर वल्हांडणाच्या सणाला मी ते मोठ्यानं वाचते. नुसतं वाचून गप्प बसायला? आमच्या धर्मशास्त्रात माणसाची स्वतःविरुद्धची कबुली धरत नाहीत. तुमच्या कायद्यातही पोलिसांपुढची कबुली चालत नाही. मग अंगठा घेतलात कशाला?"

फौजदार हसला. मला आजही ते हसू आठवलं की हात शिवशिवतात.

सिस्टरांनी माहितीच्या अधिकारात ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. उत्तर आलं, कॅमेरा बंद होता. त्यांनी अपील केलं. तेव्हा सांगण्यात आलं, चित्रण दिलं तर तपासाची गुप्तता भंगेल.

"बंद होता की गुप्त होता?" सुनावणीत वरच्या साहेबांपुढं सिस्टर कडाडल्या. "एक काहीतरी खोटं बोला!"

साहेबांना ठाण्याला चित्रण दाखवायला सांगावं लागलं. ज्ञानू आपल्या पायांनी आत जाताना दिसत होता. बाहेर येताना दोन शिपायांनी त्याला फरफटत आणलं होतं. आतल्या खोलीत कॅमेराच नव्हता.

ज्ञानूवरचा गुन्हा मागं घेतला. फौजदार निलंबित झाला आणि पावसाळा संपायच्या आत दुसऱ्या ठाण्यात रुजूही झाला.

"सुटला की वो," रंगूबाई पाया पडायला आली.

सिस्टरांनी तिला खांदे धरून उभं केलं. "सुटला? त्यानं केलं काय होतं गं?"

ज्ञानू अजून लंगडतो. मेंढरांमागं आता एकटी रंगूबाई जाते. त्या आतल्या खोलीत कॅमेरा का नाही, हे विचारायला सिस्टर दर सोमवारी ठाण्यावर जातात. नवा फौजदार त्यांना बघून फोन कानाला लावतो. त्या समोरच्या बाकावर बसतात आणि सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारतात.