हॉलसाठी रेडिएटर सरळ केले त्याची गोष्ट

आमच्या अंधेरीच्या बंगल्यातल्या हॉलमध्ये दोन रेडिएटर होते. थंड मुलखात ज्यांच्या पोटातून गरम पाणी खेळवून खोली उबदार ठेवतात, ती बिडाची धुडं. आणि अंधेरीत माणूस डिसेंबरातही बनियनवर बसतो. बंगला बांधणारा कुणी बोटीवरचा इंजिनियर होता. मोडीत निघालेल्या बोटीवरून त्याने ती उचलून आणली आणि भिंतीशी उभी केली. बॉयलर काही आला नाही. पुढे बंगला आमच्या मालकांकडे आला, म्हणजे एका निवृत्त हेडक्लार्कांकडे, आणि त्यांना त्या धुडांचा कोण अभिमान. आम्ही मागच्या दोन खोल्यांतले भाडेकरू. आईने चुकून टॉवेल वाळत टाकला की मालक म्हणायचे, "वहिनी, ती दोरी नव्हे."

मला तो हॉल बायकांच्या साक्षरता वर्गासाठी हवा होता. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली तरी मागच्या चाळीतल्या बायका रेशनच्या कागदांवर अंगठा उठवत होत्या, आणि इथे एवढा मोठा हॉल दोन थंड रेडिएटरना आंदण दिलेला. मी कॉलेजात होते, पत्रकं काढत होते. या हॉलवरही चार काढली. मालकांनी चारही वाचली, तिसऱ्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवल्या आणि म्हणाले, "वर्ग घे. पण आधी ते रेडिएटर सरळ कर. खालच्या फळ्या वाळवीने खाल्ल्यात, दोन्ही डावीकडे कललेत. उद्या एखाद्या बाईच्या पायावर पडलं, तर पाचवं पत्रक तूच काढशील."

"काढीनच," मी म्हटलं.

चाळीत मालवणकडचे एक गवंडीकाका राहत. त्यांच्या बायकोला वर्गात यायचं होतं. गावाहून आलेलं आईचं पत्र दरवेळी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागे, आणि तो शेजारी मधली भांडणं गाळून वाचतो असा तिला दाट संशय होता. म्हणून रविवारी सकाळी नवरा-बायको दोघंही पहार घेऊन हजर. काकांनी पहारीने एकेक टोक उचलायचं, काकींनी आणि मी सडकी फळी ओढून तिथे लादीच्या चिपा सारायच्या. पहिलं टोक उचललं तेव्हा माझ्या तोंडून आख्खं इन्किलाब निघणार होतं, पण श्वासच उरला नव्हता.

काकांची पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची नळी, मी रेडिएटरवर ठेवली. बुडबुडा सरकत सरकत बरोबर मध्ये आला. मी खूश.

काका डोकं खाजवत म्हणाले, "चेडवा, ह्या सरळ दिसाचा नाय. जमीन मोरीकडे उतरती असा. धुतल्यावर पाणी जावक नको? भिंतीवरचो तांबडो पट्टोय तसोच मारलोलो."

"दिसण्याचं काय करायचंय? सरळ ते सरळ."

"बरा," काका म्हणाले, आणि बिडी काढून बाहेर गेले.

मालक आले. दारात उभे राहिले, चष्मा वर केला, मान तिरपी केली. "वाकडं आहे. डावीकडून वर गेलंय."

मी पाणसळ त्यांच्या नाकाशी धरली. भिंतीवरचा तांबडा पट्टा खोटा आहे, जमीन खोटी आहे, सगळ्या घरात खरा फक्त हा बुडबुडा आहे, असं बरंच काही बोलले. मालकांनी ऐकून घेतलं.

"बुडबुडा या घरात राहत नाही. मी राहतो," ते म्हणाले. "रोज मला बघायचंय. हे असं राहणार असेल तर हॉल नाही."

माझं पाचवं पत्रक डोक्यात छापून तयार होतं. तेवढ्यात काकींनी मला कोपराने बाजूला सारलं. "अवो, तुमका कितक्या खाली होया ता सांगा."

"दोन बोटं."

काका आत आले, पहार घातली. काकींनी डाव्या पायाखालच्या दोन चिपा काढल्या. मग दुसऱ्याच्याही. मी बघत होते. बुडबुडा उजवीकडे जाऊन बसला, आणि दोन्ही रेडिएटर तांबड्या पट्ट्याशी असे जुळले की मालकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. काकांनी एकेकाला खांद्याने ढकलून पाहिलं. हलले नाहीत. पडण्याची भीती गेली होती, मग बुडबुडा कुठे का बसेना. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

"उद्यापासून पाच ते सहा," मालक म्हणाले. "चपला बाहेर. आणि रेडिएटरला टेकून बसायचं नाही."

ते गेल्यावर काकींनी हात पदराला पुसले. "गो बाय, पाटी आपली आणूची, काय तू देतलस?"

चार पत्रकं काढली होती मी. पाट्यांचा विचार एकातही नव्हता.

"मी देते," म्हटलं, आणि पाट्या कुठे मिळतात ते विचारायला मालकांचंच दार वाजवलं.