चाचांची काळी दोन

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता माझी पत्नी गेली. मी तिच्याजवळ होतो.

त्यानंतर सहा महिने दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या घरात पेटी उघडली नाही. त्याआधी वीस वर्षं ती दर गुरुवारी संध्याकाळी उघडत असे. डिसेंबरात हॉलमध्ये एक कार्यक्रम होतो. प्रत्येकाने आपापल्या धर्मातलं गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून साथ द्यायची. त्याची तालीम आमच्याकडे चाले. आमचा अभंग, सरदारजींचा शबद, ख्रिसमसची कॅरल, पैगंबरांच्या स्तुतीचं उर्दू गीत म्हणजे नात, सगळ्यांना पेटीवर माझी पत्नीच असे. मी शाळेत ग्रंथपाल. मला गाता येत नाही. मी चहा करायचो आणि पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचो.

ऑक्टोबरात वरच्या मजल्यावरचे चाचा आले. मूळचे रत्नागिरीचे, बर दुबई भागात अत्तराचं दुकान. स्तुतीची ती नात तेच गात. जानेवारीत दुकान मुलावर सोपवून ते कायमचे गावी जाणार होते.

"सर, हा माझा शेवटचा प्रोग्राम," ते म्हणाले. "वहिनींची पेटी तुम्ही घ्या. वाजवू नका, नुसता सूर धरा. तेवढ्यावर म्हणतो मी."

तिच्या एका वहीत प्रत्येकाची पट्टी लिहिलेली होती, म्हणजे कोणी पेटीच्या कोणत्या सुरावरून गायचं ते. चाचांच्या नावापुढे शाईने 'काळी दोन' होतं. शेजारी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. शाईतलं पक्कं आणि पेन्सिलीतलं कच्चं, असं मी नोकरीभर मानत आलो आहे. गुरुवारी मी काळी दोन धरली.

दुसऱ्याच ओळीत चाचांचा आवाज वर जाईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले.

"चाचा, दुपारची बिर्याणी आडवी आली वाटतं," कॅरल गाणारी गोव्याची नर्स म्हणाली.

"तू गप बस गो. सरांच्या एसीने घसा धरलाय."

तिसऱ्यांदाही तेच झालं. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चाळीस वर्षं काळी दोन," ते म्हणाले. "गेल्या वर्षीसुद्धा वहिनींबरोबर म्हटलं. खलास, सर. या वेळी मी मागे बसतो. तुम्हा लोकांना साथ देतो."

शनिवारी सकाळी मी वही खिडकीशी नेऊन पाहिली. खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा उजेडात दिसत होत्या. पांढरी दोन. मग काळी एक. शेवटची, न खोडलेली, पांढरी एक. दर काही वर्षांनी तिने त्यांना अर्धा सूर खाली आणलं होतं आणि सांगितलं नव्हतं. पानं उलटली. सरदारजींचं तेच, नर्सचंही तेच. सगळ्यांचे आवाज उतरत होते, आणि ती त्यांच्यासाठी पेटी उतरवत होती. कोणाला कळलं नाही. मलाही नाही, आणि मी त्याच खोलीत होतो.

पुढच्या गुरुवारी चाचा यायला तयार नव्हते. मी वर जाऊन त्यांना घेऊन आलो.

"एकदाच म्हणा," मी म्हणालो आणि पांढरी एक धरली.

ते दुसऱ्या ओळीवर आले, वर गेले आणि तिथे थांबले, सावकाश, पूर्वी थांबत तसे. नर्स माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. धृपद आलं तशी तिने साथ दिली.

"बघितलंत?" चाचा म्हणाले. "काळी दोन! त्या दिवशी एसीच होता."

"एसीच होता," मी म्हणालो.

डिसेंबरात ते हॉलमध्ये पुढे उभे राहून गायले. जानेवारीत गावी गेले.

चाचांचं ते स्तुतिगीत आता नर्स गाते. उर्दू शब्द मी तिला देवनागरीत लिहून दिले आहेत. गुरुवारी आम्ही पाच जण असतो.