हम्मसचा फर्स्ट पीस

माझे सासरे भीमराज जेवायला बसले की मला तिथून उठून जावंसं वाटतं. आधी ते घास नाकाशी नेऊन हुंगतात. मग जिभेच्या टोकावर ठेवतात, तोंड वाकडं करतात, बेसिनमध्ये थुंकतात आणि म्हणतात, "रिजेक्ट." चाकणच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत भाजी, चहा, पाहुणे, सगळं त्यांच्या लाल ट्रेमध्ये, म्हणजे नापास मालात, जातं. सासूबाई, गिरजाबाई, ताट वाढून दाराशी उभ्या राहतात. लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं उभ्याच आहेत. "ओके" हा शब्द त्यांनी एकदाही ऐकलेला नाही, आणि थुंकलेलं बेसिन मात्र त्याच धुतात. शिसारी येते मला.

म्हणून हम्मस, ती काबुली चण्यांची अरबी चटणी, करायला घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, यांना वाटीसुद्धा दाखवायची नाही. मारुंजीच्या एका जिमने बारा डबे मागवले होते, संध्याकाळी सहाला पोचवायचे. आवडले तर दर आठवड्याला ऑर्डर. नोकरी सुटल्यापासून हाताला लागलेलं हे माझं पहिलंच काम. काबुली चणे रात्री भिजवले, पहाटे सोडा न घालता शिजवले. एकेक साल बोटांनी काढली. भाजलेल्या तिळाची पेस्ट, लसूण, लिंबू, तेल अगदी नावाला. मिक्सरमधून काढलं तसं गरम गरमच डब्यांत भरलं, झाकणं दाबली. फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून डबे ओट्यावर रचले.

मामा आलेच. सासऱ्यांना मी मामा म्हणते. डब्याला हात लावून म्हणाले, "गरम पॅक केलंस? गरम पार्ट पिशवीत घातला की आतून घाम सुटतो. मग गंज चढतो. रिजेक्ट."

"मामा, हे खायचं आहे. बेअरिंग नाही."

"मग एक फर्स्ट पीस ठेव. दुपारी बघू."

कंपनीत शिफ्टचा पहिला नग असा बाजूला काढून ठेवतात, पुढचा माल त्याच्याशी ताडून बघायला. उरलेलं हम्मस त्यांनी स्वतःच तेराव्या डब्यात भरलं, झाकण लावलं आणि बाकीच्या डब्यांशेजारी ठेवून दिलं. बोट चाटलं, थुंकले. मी तिकडे पाठ केली.

तीन वाजता त्यांनी तो डबा उघडला. झाकणाला पाण्याचे थेंब, वर फेस, आणि वास असा की ओले पायमोजे बरे. बाकीचे बाराही उघडले. सगळ्यांची तीच गत. पहाटेपासूनची मेहनत कचऱ्यात गेली आणि मी ओट्याला टेकून रडत बसले. त्या माणसाचं बरोबर निघालं याची मला जास्त किळस आली.

तेवढ्यात मामांनी पलंगाखालून पातेलं ओढलं. आत टपोरे भिजलेले चणे.

"रिवर्क लागणार हे कालच माहीत होतं. तीनदा पाणी बदललंय."

म्हणजे मी चुकायच्या आधीच मला नापास करून ठेवलं होतं! वाटलं, पातेलं त्यांच्या अंगावर उपडं करावं. पण घेतले चणे. करते काय?

सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. कुकर झाल्यावर दोघींनी साली काढल्या, चणे पंख्याखाली पसरून गार केले, बर्फाचं पाणी घालून वाटले. पाचला मामांनी चमचा उचलला. हुंगला. जीभ लावली. मी बेसिनकडे बघत होते. त्यांनी गिळलं.

"ओके," म्हणाले.

मी शाळेतल्या पोरीसारखी खुदकन हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, कारण दाराशी उभ्या सासूबाईंचा चेहरा मी नंतर पाहिला.

त्या पुढे आल्या. मामांच्या हातातला चमचा काढून घेतला, हम्मस चाखलं.

"ब्येस झालंय गं. भर डबे," मला म्हणाल्या.

मग नवऱ्याकडे वळल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं, तोंड वाकडं केलं आणि बेसिनमध्ये थुंकल्या.

"चौतीस वरसं तपासलं तुमाला," म्हणाल्या. "रिजेक्ट."

आणि बेसिन तसंच ठेवून माझ्याबरोबर डबे घेऊन मारुंजीला निघाल्या.