एका नळीचा सौदा

रक्त न्यायला आलेल्या मुलीनं मला फसवलं, आणि फसवून वर आभार मानले.

महादेवपुऱ्यात ऑफिसं बंद पडली की त्यांच्या खुर्च्या मी उचलतो आणि राजाजीनगरच्या माझ्या दुकानात विकतो. सांगितलेल्या भावात मी आजवर साधा स्क्रूही घेतलेला नाही. अशा माणसाला हेपटायटिस सी झाला. मी दारूला शिवत नाही, तरी मेहुणा सगळ्या सोयऱ्यांत सांगत सुटला, "दाजी लपून घेतात. लिव्हर उगाच बिघडतंय होय?"

गोळ्या सुरू व्हायच्या आधी इस्पितळात ती मुलगी भेटली. पुण्याची, बोलायला गोड. इकडच्या पेशंटांमध्ये या विषाणूचे कुठकुठले प्रकार आढळतात, याचा तिच्या संस्थेचा अभ्यास चालला होता.

मी म्हटलं, "खुर्ची उलटी केली की मला कळतं ती कुठल्या ऑफिसातली. तसं हा माझ्याकडं कुठून आला ते कळेल?"

"प्रकार कळेल, काका. कुणाकडून आला ते नाही."

प्रकारही चालणार होता. त्याचा कागद मला मेहुण्याच्या ताटाशेजारी ठेवायचा होता.

"दोन नळ्या रक्त लागेल," ती म्हणाली.

"स्वल्प घ्या की. अर्धी."

"काका, ही भाजी नाहीये."

"म्हणून अर्धी म्हणतोय. भाजी असती तर पाव म्हटलं असतं."

मी उठून दारापर्यंत गेलो. दारापर्यंत गेलं की समोरचा नरमतो.

"बरं, एक द्या. बघू भागतंय का."

एक दिली. तीही भरत आली तसा हात मागे घेतला. तिनं आभार मानले.

गोळ्या लागू पडल्या. त्या म्हणे सगळ्याच प्रकारांना चालतात. मी बरा झालो आणि मग कागद आला: नमुना अपुरा, प्रकार ठरवता आला नाही.

तडक इस्पितळात जाऊन तिच्यापुढं दोन्ही हात धरले. "घ्या हवं तेवढं."

"आता विषाणूच उरला नाही, काका. अभिनंदन."

रविवारी जेवताना मेहुण्यानं कागद वाचला आणि आमटी ओरपत म्हणाला, "बघा. त्यांनाही सापडला नाही. दारूच ती."

तीन पायांची खुर्ची कुणी कितीही घासाघीस करून मागितली तरी मी विकत नाही. पडशील, म्हणून सांगतो. मग एका नळीत भागणार नव्हतं, तर तिनं मला दारातून बाहेर का जाऊ दिलं नाही? तिनं रविवारी आमच्याकडं जेवायला यावं आणि मेहुण्याला तोंडावर उत्तर द्यावं.