डावीकडचा हिरवा बाण

घाटकोपरची ती घटना आजही आठवते. गुन्हा मोठा नव्हता, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. पण पोलिसातल्या नोकरीत ज्यांचे उपकार झाले असं मी मानतो, त्यांत त्या प्रकरणातल्या मावशींचा नंबर पहिला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. समोर लाल दिवा असला तरी डावीकडे खुशाल वळायचं, अशीच सगळ्यांची सवय. अशात आमच्या हद्दीतल्या एका चौकात डाव्या वळणासाठी वेगळा बाण बसवला गेला. बाण हिरवा झाला तरच वळायचं. कोणी थांबे, मागचा हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करी, आणि बऱ्याच जणांना तर असा बाण आहे याचा पत्ताच नव्हता. नुसता सावळागोंधळ!

एका सकाळी तिथे रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना टेम्पोची धडक बसली. पाय मोडला. ड्रायव्हरने त्यांना रुग्णालयात पोचवलं आणि तिथूनच धूम ठोकली. आम्ही पंचनामा केला, साक्षीदार भराभर पुढे आले. समोरच्या रसवंतीवाल्याचा आवाज सर्वांत मोठा. "सगळ्या गाड्या लालवर उभ्या होत्या साहेब. हा पण उभा होता. आणि लाल असतानाच सुटला!" बाकीच्यांनीही हेच सांगितलं. एवढे जबाब जुळले की तपास अधिकारी खूश असतो. मीही होतो.

मग हवालदारांच्या खबऱ्याकडून टीप आली की चेंबूरच्या एका गॅरेजात तो टेम्पो उभा आहे आणि ड्रायव्हर गाडीला हात लावायला तयार नाही. आम्ही गेलो. पंचविशीतला तरुण, आम्हाला बघून मुकाट उठून जीपमध्ये बसला.

पोलीस ठाण्यात मी चढ्या आवाजात विचारलं, "पळालास का?"

"पब्लिकने मारून टाकला असता साहेब. पण सिग्नल नाही तोडला मी. आईशप्पथ."

"लाल होता की नाही?"

"होता."

हवालदार हसले. गुन्हा कबूलच झाला होता म्हणा ना. पण माझ्या मनात एक गोष्ट खटकली. ज्याला सिग्नल तोडायचा, तो आधी थांबेल कशाला? डावीकडे वळणारा तर मुळीच थांबत नाही.

"मग थांबला होतास कशासाठी?"

"बाणासाठी. बाण हिरवा झाला, म्हणून गाडी काढली."

दुसऱ्या दिवशी मी रसवंतीवाल्याला त्याच्याच दुकानाच्या दारात उभं केलं. तिथून वरचा लाल दिवा स्वच्छ दिसत होता, पण खालचा बाण शेजारच्या दुकानाच्या पत्र्याच्या पाटीआड गेला होता. मग त्याला टेम्पो उभा होता त्या जागी नेलं. वर लाल तसाच होता आणि खाली बाण हिरवा झाला. तो बघतच राहिला. "आयला साहेब, हे तर मी कधी बघितलंच नाही!"

सिग्नलचा उलगडा झाला. पण भरधाव आणि निष्काळजी चालवल्याचा आरोप उरलाच, आणि त्याचा निकाल पाय मोडलेल्या त्या मावशींच्या जबाबावर अवलंबून होता. मूळच्या त्या कोकणातल्या. यजमानांची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्या जेवणाच्या डब्यांवर चालायचं. आता त्याच अंथरुणाला खिळलेल्या. मी रुग्णालयात गेलो तेव्हा मुलगा शेजारी रागाने धुमसत होता. "आई, सांग ना, सुसाट आला म्हणून! सोडायचा नाही त्याला."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. "खोटा सांगान माझो पाय बरो होतलो काय रे?" आणि मग मला म्हणाल्या, "सायबानू, गाडये उभे बघून मी चलाक लागलंय. तो हळूच येय होतो. माका बघून तेणा ब्रेक मारल्यान. लिवा तसा."

मी तसंच लिहिलं. पुढे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून कोर्टाला ‘सी’ समरीचा अहवाल गेला आणि पोरगा सुटला. वाहतूक शाखेला कळवून ती पाटीही हलवून घेतली.

या प्रकरणात एकही साक्षीदार खोटं बोलला नव्हता. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं, आणि तरी एक निरपराध माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत गेला. नियम पाळून थांबला, म्हणूनच तो लोकांच्या डोळ्यांत भरला होता! तेव्हापासून साक्षीदार काय सांगतो एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. तो कुठे उभा होता, हे मी आधी जाऊन बघू लागलो. आणि मावशींनी रागाच्या भरात एक शब्द वाढवला असता, तर तो मीच लिहून घेतला असता. निरपराध माणसाला आत टाकण्याच्या पापातून त्यांनी मला वाचवलं, असंच मी मानतो.

निवृत्त झालो तेव्हा पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. खूप थकल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. अपघाताची आठवण करून दिली तेव्हा मात्र चेहरा एकदम बदलला.

"तो पोरगो बरो आसा मा?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे मावशी. गाडी चालवतोय," मी म्हटलं आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.