शेजारच्या टेबलावरची सतरंजी

आउने लेहतिमाकीने हेलसिंकी शहरात सगळी नोकरी ट्राम चालवण्यात घालवली. तिच्या डोक्यावर एक पाटी असे : चालकाशी बोलू नये. पाटी प्रवाशांसाठी होती, पण आउनेला ती मनापासून पटली होती. निवृत्त होताना आठवण म्हणून ती पाटीच मागून घ्यावी असं तिच्या मनात आलं होतं. पण मागायचं म्हणजे बोलावं लागलं असतं, म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

ती मूळची हामे भागातली. हामेच्या माणसाला काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत कॉफी निवते, अशी बाकीचे लोक टिंगल करतात. हामेचे लोक यावर अजून काही बोललेले नाहीत. विचार चालू असावा.

दर जूनमध्ये, भर उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाच्या आधी, आउने घरातल्या सतरंज्या गुंडाळून ढकलगाडीवर टाकायची आणि समुद्रावर जायची. तिथे सतरंज्या धुवायचा जुना लाकडी धक्का आहे. लांबलचक टेबलं, पाइनच्या साबणाचा वास, पिळायला दोन रुळांचं यंत्र आणि वाळत घालायला लाकडी कठडे. समोर बेटावरचा जुना किल्ला आणि त्याच्याकडे जाणाऱ्या बोटी. हे बघायला परदेशी पाहुणे मोठमोठ्या जहाजांतून येतात, आणि किल्ल्याचे फोटो काढून झाले की धुणाऱ्यांचे काढतात. नगरपालिकेने पगार देऊन ही माणसं इथे उभी केली आहेत, असा त्यांतल्या बऱ्याच जणांचा समज असतो. जगातल्या किती घरांतल्या आल्बममध्ये आउनेची वाकलेली पाठ जाऊन बसली आहे, देव जाणे. तिला त्याचं काही नव्हतं. चेहरा येत नाही ना, मग झालं.

तिचं दुखणं वेगळंच होतं. ते शेजारच्या टेबलावर होतं.

झालं होतं असं. आउनेकडे आईने विणलेली एक सतरंजी होती. घरातले जुने कपडे फाडून, त्यांच्या पट्ट्या करून मागावर विणलेली, लाल-निळ्या पट्ट्यांची. आउने नोकरीसाठी गाव सोडणार होती त्या हिवाळ्यात आईने ती विणायला घेतली. लाल होता तो आईचा झगा. पांढरा स्वयंपाकघराचा पडदा. आणि मधोमध रुंद निळी पट्टी होती ती वडिलांच्या रविवारच्या शर्टाची. वडिलांचा फोटो घरात एकच, आणि त्यात ते नेमके हलले होते. त्यामुळे वडील म्हणून आउनेकडे जे काही उरलं होतं ते त्या पट्टीत होतं.

एका जूनमध्ये धक्क्यावर सगळ्यांच्या सतरंज्या वाळत असताना पावसाची जोराची सर आली. जो तो धावला आणि हाताला लागेल ते गुंडाळून घरी पळाला. आउनेने घरी येऊन उलगडून पाहिलं तर लाल तसाच, निळा तसाच, पण कडेच्या गाठी एकेरी. तिची आई गाठी दुहेरी मारायची.

पुढच्या जूनपर्यंत तिने कशीबशी कळ काढली. धक्क्यावर गेली, तर शेजारच्या टेबलावर एक उंच, जरासा वाकलेला माणूस टोपी डोळ्यांवर ओढून तिच्या आईची सतरंजी घासत होता. साबणाच्या डब्यावर त्याने नाव लिहिलं होतं : सुलो रंतानेन.

आता दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, अहो, तुमच्याकडे माझी आलीय, ही घ्या तुमची. दोन मिनिटांचं काम. पण आउनेने वेगळा हिशेब केला. स्वतःची सतरंजी कोण ओळखत नाही? या माणसालाही कळलेलं असणारच. तरी तो बोलत नाही, याचा अर्थ त्याला बोलायचं नाही. आणि ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावणं शोभत नाही. म्हणून तीही मूग गिळून बसली. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून एकमेकांच्या सतरंज्या स्वच्छ धुतल्या, मान हलवून निरोप घेतला आणि घरी गेले.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. खडे टाकून बघायचं आउनेने सोडलं नाही, पण ते तिच्या पद्धतीने. एका वर्षी तिने त्याची सतरंजी गाठी त्याच्याकडे करून पसरली. त्याने पाहिलं आणि आपली बादली बाजूला घेतली, तिला जागा कमी पडत असेल म्हणून. दुसऱ्या वर्षी तिने ती मुद्दाम त्याच्या कठड्यावर, अगदी खेटून वाळत टाकली आणि लांब जाऊन कॉफी पीत बसली. तेवढ्यात त्याने गुपचूप अदलाबदल करावी, कोणाला काही बोलायला नको. परत आली तर त्याने दोन्ही सतरंज्या उलटून घातल्या होत्या, दुसरी बाजू नीट वाळावी म्हणून. आपणच उचलून न्यावी असंही एकदा तिच्या मनात आलं. पण दुसऱ्याच्या कठड्यावरून न विचारता उचलणं ही चोरी झाली, मग वस्तू स्वतःची का असेना.

त्या उलटून घातलेल्या सतरंज्या बघून मात्र तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. घरी येऊन तिने त्याची सतरंजी बाहेरच्या दारात टाकली, बुटांखाली. हिवाळाभर त्यावर चिखल आणि बर्फ झटकला. जूनमध्ये मात्र ती घासून लख्ख करायची, कारण राग राहिला बाजूला, घाणेरडी सतरंजी घेऊन चारचौघांत जाणार कशी?

या वर्षी गोष्ट निकरावर आली. आउनेचे गुडघे जिने चढेनात. तिची मुलगी वर उत्तरेला औलू शहरात राहत होती, तिने आपल्या इमारतीतच आईसाठी एक लहानशी जागा बघून ठेवली. हेलसिंकीचं घर विकलं गेलं. म्हणजे धक्क्यावरचा हा शेवटचा जून. सतरंजी आता मिळाली तर मिळाली, नाहीतर वडिलांवर पाणी सोडायचं.

सामान बांधायला तिची नणंद इम्पी आली. इम्पी पूर्वेकडच्या कारेलिया भागातली. तिकडे उत्तर आधी येतं आणि प्रश्न मागून. तिचा भाऊ, म्हणजे आउनेचा नवरा, गेल्यावर तिनेच आउनेला धरून ठेवलं होतं. रोज फोन करायची, तासभर बोलायची, आणि शेवटी म्हणायची, "बरं वाटलं हं तुझ्याशी बोलून." आउनेने तोवर दोनदा "हं" म्हटलेलं असे.

"ही एवढी चांगली सतरंजी बुटांखाली का गं?" इम्पीने दारातच विचारलं.

"माझी नाही ती."

"मग कोणाची?"

आउनेने सगळी हकिगत चार वाक्यांत सांगितली. इम्पी खोक्यावर मटकन बसली.

"इतकी वर्षं? अगं, तोंडाला काय कुलूप घातलं होतंस?"

"त्याला माहीत आहे."

"त्याने सांगितलं तुला?"

"नाही. पण दिसतंच ना."

"काय दिसतं? तुम्हा हामेवाल्यांना एकमेकांच्या गप्प बसण्यातून काय काय ऐकू येतं, ते मला एकदा कळू दे." इम्पीने सतरंजी उचलून झटकली. "उद्या मी येते बरोबर."

"तू काही बोलणार नाहीस."

"एक अक्षर नाही. शपथ."

दुसऱ्या दिवशी ऊन छान होतं. सुलो नेहमीच्या टेबलावर होता. इम्पीने शपथ पाळली, म्हणजे बादली खाली ठेवीपर्यंत पाळली.

"काय सुरेख सतरंजी आहे हो," ती त्याला म्हणाली. "कोणी विणली?"

आउने मान खाली घालून ब्रश चालवत राहिली. सुलोने वर पाहिलं, टोपी मागे सारली, आणि आउनेला पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकू आला. बराच वेळ न वापरलेल्या दारासारखा होता तो.

"माझ्या बायकोने. हिल्काने. ती गेली, त्याच वर्षी मी पहिल्यांदा इथे आलो. त्याआधी सतरंज्या धुतात हेच मला माहीत नव्हतं. चालायचो तिच्यावरून, बघितलं कधी नव्हतं." त्याने ओल्या निळ्या पट्टीवरून हात फिरवला. "हा माझा लग्नातला शर्ट. हे तिने सांगितलं होतं म्हणून माहीत. आता पलंगापाशी ठेवलीय. सकाळी पाय टेकले की आधी तिच्याशी दोन शब्द बोलतो, मग चहाकॉफीचं बघतो."

एवढं बोलून तो दमला आणि पुन्हा घासायला लागला.

इम्पीची बोलती बंद झाली. हे सहसा होत नसे, त्यामुळे आउनेने घाबरून तिच्याकडे पाहिलं. इम्पी तिच्या कानाशी आली.

"त्याला कुठे काय माहीत आहे? काही बोलू नकोस. आपण जाऊ. त्याच्या मनाचं काय होईल?"

"आता तू म्हणतेस बोलू नकोस."

"आता म्हणते. तुला आयुष्यभर जमलंय ते आणखी एक दिवस जमव."

आउनेला ते पटलं असतं. खरं तर गप्प राहायला सांगणारं कोणी भेटलं की तिला बरंच वाटायचं. पण तिच्या ब्रशखाली दुसरी निळी पट्टी होती. गेली इतकी वर्षं हाताखालून गेलेली, कधी लक्ष देऊन न पाहिलेली. हाच तो शर्ट. या माणसाचं लग्न तिने दारात टाकलं होतं आणि त्यावर बूट झटकले होते. ती अशीच गप्प बसून औलूला निघून गेली तर हिल्काही बरोबर जाणार, आणि तिकडे आणखी एका दारात पडणार. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. वडिलांचं राहू दे, असं ती मनाशी म्हणाली, त्यांचं नंतर बघू.

"ती सतरंजी माझी आहे," ती म्हणाली.

सुलोचा हात थांबला.

"आणि ही तुमची. पाऊस आला होता त्या वर्षी. माझ्या आईच्या गाठी दुहेरी असतात."

किल्ल्याकडून बोट निघाली, धक्क्यासमोरून गेली, तिच्यातल्या लोकांनी फोटो काढले. मग सुलो टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्यापुढची सतरंजी कडेने चाचपू लागला.

"एकेरी," तो म्हणाला. "हिल्काला गाठी मारायचा कंटाळा होता. एक मारली की म्हणायची, पुरे."

"मी ती दारात टाकली होती," आउने म्हणाली. आता सुरुवात झालीच होती तर तिला सगळंच संपवायचं होतं. "बुटांखाली. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मुद्दाम देत नाही. मला राग आला होता."

इम्पीने डोळे मिटून घेतले.

सुलो विचार करत राहिला. तोही बहुधा हामेचाच असावा.

"पलंगाशी ठेवली हे तिला आवडलं नसतं," तो अखेर म्हणाला. "नवी होती तेव्हा मी सतरंजी चुकवून चालायला लागलो की ओरडायची. म्हणायची, पायांखाली घालायला विणलीय, पूजेला नाही. दारातच बरी होती ती." त्याने आउनेकडे पाहिलं. "स्वच्छ ठेवलीत. दरवर्षी बघायचो मी. म्हणायचो, बाई सतरंजीवर जीव लावून आहे."

आउनेचा जीव भांड्यात पडला, पण डोळे मात्र भरून आले, आणि ते साबणाच्या माथी मारून तिने बाहीने पुसले. सुलो तोवर आपल्या टेबलाकडे परत गेला होता. तिथल्या सतरंजीकडे तो पाहुण्याकडे बघावं तसा जरा अंतरावरून बघत होता.

"मग ही निळी पट्टी कोणाची?" त्याने विचारलं.

"माझ्या वडिलांची. रविवारचा शर्ट."

सुलोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

"म्हणजे मी इतकी वर्षं रोज सकाळी तुमच्या वडिलांशी बोलत होतो."

"हो."

"बरंच काही सांगितलंय मी त्यांना. घरचं, आतलं. जे हिल्कालाही हयातीत सांगायला जमलं नव्हतं."

"चालेल," आउने म्हणाली. "ते ऐकून घ्यायचे. कोणाला सांगायचे नाहीत."

सुलोने मान हलवली. त्याने निळ्या पट्टीवरचा साबण दोन्ही हातांनी हळूच निपटून काढला, सतरंजीची दोन टोकं तिच्याकडे दिली, दोन स्वतः धरली, आणि ते दोघं पिळायच्या यंत्राकडे निघाले. वाटेत आउनेने आयुष्यात पहिल्यांदाच एका परक्या माणसाला प्रश्न विचारला.

"काय सांगितलंत त्यांना?"

सुलो चालायचा थांबला. सतरंजी मधोमध झुकली, तिचं पाणी दोघांच्या बुटांवर गळत राहिलं, आणि तो पहिल्यापासून सांगायला लागला.